येतो

गंगावेशीच्या आतल्या बोळात आमची पिठाची गिरणी.
पट्टा फिरायला लागला की
समोरचा माणूस तोंड हलवतोय एवढंच दिसतं.
त्या आवाजावरनं ओरडत मी मोठा झालो:
"जोंधळं कुणाचं? बारीक का जाड?"
आवाज पोटातनं काढायचा, गळ्यातनं न्हवं,
हे मला कुठल्या शिबिरात शिकवलं नाही.
राजारामपुरीत शिकवतात म्हणे, अडीच हजारात.

संध्याकाळपर्यंत भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.
आरशात बघितलं की म्हातारीचा पार्ट तयार.
मग मी वाकून चालायचो, कण्हायचो,
आणि आप्पा चिल्लर मोजता मोजता म्हणायचे,
"गुडघा आधी दुखतो, कंबर मागनं.
बघत जा की जरा गिऱ्हाइकांकडं."

ऑडिशनला दोनशे पोरी.
मालिकेचा सेट चित्रनगरीत लागणार होता.
माझा नंबर एकशे सत्तेचाळीस, त्याची पिन टोचत होती.
"नाव?"
"सुनेत्रा भूपाल मगदूम."
"ही ओळ म्हण. आई, मी जाते."
मी म्हटलो, "आई, मी जातो."

क्लिपबोर्डवाला पोरगा हसला. "मुलगा आहेस का तू?"
आता ह्याला काय सांगायचं.
आमच्या बोळातल्या सगळ्या बाया असंच बोलतात,
मी आलो, मी जेवलो, मी दमलो बाई आता.
मुंडावळ्या बांधलेली नवरीसुद्धा
"मी जातो" म्हणूनच रडती.
परत म्हटलो. जाते.
पण जाते म्हटलं की मला दगडाचं जातंच दिसतं,
खुंटा, पाळ, बाजूला सांडलेली कणी.
माणूस कुठं जाताना दिसतच नाही.

"पुढची."

तरी बोलावलं. लग्नाचा सीन, तिसरी पंगत.
रिकाम्या ताटातला नसलेला घास
चौदा वेळा खाल्ला.
सहाशे रुपये, तेबी तीन महिन्यांनी.
टीव्हीवर माझा डावा खांदा आला.
आईनं ओळखला.

मग रात्री नऊला शाळेच्या खोलीत, बाकं सरकवून, तालमी.
मुजावरमामा शब्द द्यायचे पडद्यामागनं,
तीस वर्षं, लोकांना एकदाबी न दिसता.
दिवसा सायकलीची पंक्चर काढायचे.
मी कोपऱ्यात जाते, येते, करते घोकतोय
हे त्यांनी ऐकलं.
"घोक," म्हणाले, "लागतंयच ते.
पण जुनी ट्यूब टाकू नको.
ठिगळाला तीच उपयोगी पडती."

स्पर्धेचा प्रयोग. तिसरा अंक.
मी घर सोडून निघायचं, म्हणायचं "येते मी", आणि विंगेत.
तोंडावर दिवे. समोर काळोख,
काळोखात एक खोकला, वेफर्सची पिशवी.
ट्रंक उचलली. उंबऱ्याच्या लाकडी पट्टीवर पाय ठेवला
आणि तोंडातनं आलं,
"येतो."

मामांच्या वहीचं पान हललं नाही.
हसलं कुणी नाही.
मागच्या रांगेतनं एक बाई,
पदर सावरत असणार, म्हटली,
"ये गं. दिवस बुडायच्या आत ये."

परीक्षकांनी उच्चाराला दहापैकी चार दिले.

आता पुण्याच्या एका नाटकवाल्यांचा फोन आलाय.
पार्ट लहान, तालमी तीन महिने,
राहायचं आपलं आपण बघायचं.
बॅगेच्या चेनमध्ये पीठ अडकलंय, लागता लागत नाही.
गिऱ्हाईक उभं असताना आप्पांनी पट्टा बंद केला.
गिरणी थांबल्यावर किती हळू बोलता येतं
हे आम्हा दोघांनाबी माहीत नव्हतं.
मी काय म्हणणार ते त्यांना पाठ होतं.
तरी थांबले, ऐकायला.